आवक क्रमांक घेतलात का? विद्यार्थी प्रतिनिधीच्या कामाविषयी

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात विद्यार्थी प्रतिनिधी कसा ठरतो, हे आधी सांगायला हवं. दिल्लीतल्या विद्यापीठांच्या निवडणुका टीव्हीवर पाहून आलेल्या मुलांची इथे हमखास गल्लत होते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याच्या काळात आपल्याकडच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि मागच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला तो वर्गप्रतिनिधी, अशी पद्धत पडली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने निवडणुकीची तरतूद परत आणली. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गातला एक प्रतिनिधी सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडायचा, त्यातला प्रवर्ग आळीपाळीने बदलायचा. शिवाय प्रत्येक वर्गातून एक जण निवडायचा आणि राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो), एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक या विभागांतून प्राचार्यांनी एकेक नेमायचा. ही झाली कायद्यातली रचना. २०१९ साली ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे गेल्या, पाठोपाठ कोविड आला, आणि अनेक ठिकाणी नेमणुकीचीच सवय कायम राहिली.

आमच्या मते हे चुकीचं आहे. विभागप्रमुखांनी नेमलेल्या मुलाला विभागप्रमुखांकडेच तक्रार घेऊन जाताना अवघड वाटतं आणि वर्गालाही तो आपला वाटत नाही. निवडणुका होतील तेव्हा होतील, तोवर नेमलेल्या प्रतिनिधीने पहिल्याच आठवड्यात वर्गाची बैठक घ्यावी. तास संपल्यावर वीस मिनिटं पुरतात. आपल्याबरोबर काम करायला आणखी एक जण वर्गाकडूनच निवडून घ्यावा. प्रतिनिधी मुलगा असेल तर जोडीला मुलगी असावीच, कारण वसतिगृहातल्या, प्रवासातल्या आणि स्वच्छतागृहांच्या तक्रारी मुली मुलाकडे उघडपणे बोलत नाहीत. बैठकीच्या कागदावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात. पुढे कुणी ‘तुम्ही कुणाच्या वतीने बोलता?’ असं विचारलं तर हा कागद पुढे करता येतो.

जिथे निवडणूक होते तिथे विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींची चौकट असते. उमेदवाराची हजेरी ७५ टक्के, त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टर नको आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब. उमेदवारी रद्द होते ती बहुधा हजेरीवर. म्हणून हजेरीचा दाखला अर्ज भरायच्या दिवशी मागायला जाऊ नये, आधीच काढून ठेवावा.

आता कामाकडे वळू. नवीन प्रतिनिधीला वाटतं की आपलं काम बोलायचं आहे. बोलावं लागतंच, पण विद्यापीठ चालतं फाईलवर. कुठल्या गोष्टीचा निर्णय कुठल्या टेबलावर होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं काम होतं. अंतर्गत गुण विषयशिक्षक आणि विभागाकडे. परीक्षा अर्ज, आसन क्रमांक, निकाल, गुणपत्रिका हे परीक्षा विभागाकडे. पात्रता, स्थलांतर प्रमाणपत्र, नावातली दुरुस्ती पात्रता विभागाकडे. वसतिगृह रेक्टरकडे, शिष्यवृत्ती विद्यार्थी विभागातल्या लिपिकाकडे, अभ्यासक्रमातला बदल अभ्यास मंडळाकडे. परीक्षा विभागातसुद्धा विद्याशाखेप्रमाणे कक्ष वेगळे असतात. पहिल्या महिन्यात एक चक्कर मारून आपल्या शाखेचा कक्ष कुठला, कक्षाधिकारी कोण, जेवणाची सुट्टी किती वाजता, एवढं लिहून आणावं. तिथल्या लिपिक मंडळींशी नीट ओळख करून घ्यावी. आपला अर्ज कुठे अडकलाय, हे कुलगुरूंपेक्षा त्यांना जास्त नेमकं माहीत असतं, आणि सरळ विचारणाऱ्याला ते सांगतातही.

वर्गातून तक्रार येते ती अशी: ‘अरे, माझा निकालच लागला नाही.’ एवढ्यावर कुणीही काहीही करू शकत नाही. तक्रार घेताना पूर्ण नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक, विषयाचा संकेतांक, नक्की काय झालं आणि कधी, आणि पुरावा काय, हे सगळं लिहून घ्यावं. पुरावा म्हणजे निकालाच्या पानाची प्रत, हॉल तिकीट, शुल्काची पावती. गुगल फॉर्म सोयीचा असतो, पण त्याची उत्तरं सगळ्यांना दिसणार नाहीत हे आधी तपासा. मोबाइल नंबर आणि जातीचा प्रवर्ग गरज नसताना मागूच नका. मग तक्रारी वेगळ्या करा. एकट्याची असेल तर अर्ज त्याच्या सहीने, आपण फक्त बरोबर जायचं. दहा जणांची सारखीच असेल तर एकच अर्ज, सोबत तक्ता. नियमच चुकीचा वाटत असेल तर तो विषय बैठकीत न्यायचा. ह्या तिन्हींची सरमिसळ झाली की एका मुलाच्या गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायचं सोडून मूल्यमापन पद्धतीवर चर्चा सुरू होते, आणि त्या मुलाचं काम तसंच राहतं.

अर्जाच्या विषयाच्या ओळीत काम दिसलं पाहिजे. ‘विषय: विद्यार्थ्यांच्या विविध समस्यांबाबत’ असं लिहिलेला अर्ज कुठल्याच टेबलाचा नसतो, त्यामुळे तो फिरत राहतो. त्याऐवजी लिहावं: ‘विषय: एम.ए. प्रथम वर्ष, सत्र १, अमुक संकेतांकाच्या विषयात १८ विद्यार्थी अनुपस्थित दाखवल्याबाबत निकाल दुरुस्ती.’ खाली ‘संदर्भ’ म्हणून परिपत्रकाचा किंवा आपल्या आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक (अर्ज घेताना कार्यालय त्यावर टाकतं तो नोंदीचा क्रमांक) आणि तारीख. मजकूर एका पानात बसवायचा. पहिल्या परिच्छेदात काय झालं, दुसऱ्यात काय हवं आणि कधीपर्यंत हवं ते कारणासकट. सोबतच्या कागदांना क्रमांक द्यायचे आणि शेवटी यादी जोडायची. कडक भाषेने काम लवकर होत नाही, पण तारीख घातली की फाईलवर टिपणी लिहिणाऱ्याला ती तारीख टिपणीत आणावीच लागते.

दोन प्रती काढा. एक आवक-जावक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ह्या पोचेशिवाय अर्ज दिला असं धरू नका. सर भेटले, त्यांच्या हातात दिला, ते म्हणाले बघतो, असं झालं की अर्ज त्यांच्या बॅगेत जातो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. सरांना जरूर भेटा, पण आवक करून मग भेटा. ईमेल पाठवला तरी छापील प्रतीवर क्रमांक घ्या, कारण विभागाचा ईमेल रोज उघडला जातोच असं नाही. दुसरी गोष्ट मार्गाची. विभागातल्या विद्यार्थ्याचा अर्ज कुलसचिवांकडे किंवा परीक्षा संचालकांकडे बहुधा ‘मा. विभागप्रमुख यांच्यामार्फत’ जावा लागतो. थेट दिला तर ‘योग्य मार्गाने यावे’ असा शेरा मारून परत येतो आणि आठवडा जातो. विभागप्रमुख पुढे पाठवायला वेळ लावत असतील तर वरच्या कार्यालयात ‘आगाऊ प्रत’ असं ठळक लिहून एक प्रत द्या, आणि तसं केल्याचं विभागप्रमुखांनाही सांगा. लपवून केलं की पुढचं वर्षभर तो विभाग आपल्याकडे संशयाने पाहतो.

परीक्षेच्या तक्रारी सगळ्यांत जास्त येतात, म्हणून त्यांवर थोडं थांबतो. वर दिलेलंच उदाहरण घ्या. वर्गातली अठरा मुलं परीक्षेला बसली होती आणि निकालात अनुपस्थित दिसतात. नेहमीची कारणं अशी: विभागाने अंतर्गत गुण पोर्टलवर मुदतीत भरले नाहीत, भरले पण ‘जतन’ करून ठेवले आणि अंतिम सादर केलेच नाहीत, मुलांनी परीक्षा अर्जात ऐच्छिक विषयाचा संकेतांक चुकीचा निवडला, किंवा उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक चुकीचा पडला. पहिल्यांदा निकालाच्या पानावर नीट बघा, अनुपस्थिती अंतर्गत गुणांच्या रकान्यात आहे की लेखी परीक्षेच्या. अंतर्गतच्या रकान्यात असेल आणि अठराही जण एकाच शिक्षकांच्या तुकडीतले असतील, तर चूक विभागात झाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी विद्यार्थ्यांचे अठरा वेगळे अर्ज परीक्षा विभागात नेऊन उपयोग होत नाही. तिथून विभागप्रमुखांचं किंवा प्राचार्यांचं पत्र मागतात. पत्रासोबत विषयशिक्षकांच्या सहीची मूळ गुणयादी, अंतर्गत परीक्षेच्या हजेरीची प्रत आणि पीआरएन, आसन क्रमांक, नाव, जुने गुण, सुधारित गुण असा तक्ता लागतो. हा तक्ता प्रतिनिधीने करून दिला तर विभागाचं पत्र लवकर निघतं. पीआरएनचा एक आकडा चुकला तर सगळी यादी परत येते, म्हणून दोघांनी बसून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बरोबरची खूण करायची.

लेखीच्या रकान्यात अनुपस्थिती असेल तर परीक्षा केंद्राचा हजेरीपट पाहावा लागतो. उत्तरपत्रिका घेताना त्या पटावर सही केलेली असते आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांकही लिहिलेला असतो. अर्जात परीक्षेची तारीख, सत्र आणि केंद्र लिहून ‘हजेरीपटावरून पडताळणी व्हावी’ अशी स्पष्ट विनंती करायची. ऐच्छिक विषयाच्या संकेतांकाची चूक मात्र विद्यार्थ्याच्या अर्जातली असते आणि तिला दुरुस्तीचं शुल्क लागू शकतं. ते आधीच सांगून टाका. निकालाच्या दिवशी रडवेल्या मुलाला खोटा धीर देणं फार महागात पडतं.

निकालच लागत नसेल तर कायदा विद्यार्थ्यांच्या बाजूने आहे. परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लावायचा, असं २०१६ चा अधिनियम सांगतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली गेली, निकाल रखडले आणि कितीतरी मुलांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले. असं झालं की प्रतिनिधीने निवेदन द्यावंच, पण त्याआधी ज्यांची प्रवेशाची किंवा नोकरीवर रुजू होण्याची तारीख जवळ आहे त्यांची यादी तारखेप्रमाणे लावावी. ‘निकाल प्रलंबित असल्याचे पत्र’ परीक्षा विभागाकडून मिळू शकतं, ते या मुलांसाठी आधी काढावं. बाकीच्यांचा निकाल चार दिवस उशिरा आला तर चालतं, यांचं वर्ष जातं.

पुनर्मूल्यांकनात मुदतच पाळावी लागते. निकालाबरोबर किंवा लगेच मागाहून परिपत्रक निघतं. काही विद्यापीठांत आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, तेव्हा मुदती एकामागून एक संपतात. छायाप्रत हातात आली की मत बनवायच्या आधी मोजा. मुखपृष्ठावरची बेरीज आतल्या गुणांशी जुळते का, एखादं उत्तर तपासायचंच राहिलं का, आतले गुण मुखपृष्ठावर चुकीच्या प्रश्नासमोर गेलेत का, पुरवणी घेतली असेल तर तिची पानं प्रतीत आहेत का. यातलं काही सापडलं तर ती सरळ दुरुस्ती आहे, तिचा अर्ज पान क्रमांक लिहून वेगळा करावा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकारात मान्य केला आहे. तो अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, हे विसरल्यामुळे बरेच अर्ज परत येतात. तीस दिवस थांबल्यावर पुनर्मूल्यांकनाची मुदत गेलेली असते, त्यामुळे विद्यापीठाची छायाप्रतीची वाट आधी धरावी.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत प्रतिनिधी ऑक्टोबर ते मार्च जागा राहिला तर वर्गातल्या गरीब मुलांचे पैसे वाचतात. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या स्तरावर, मग संबंधित सरकारी विभागाकडे जातो. कागद अस्पष्ट असला की तो ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याकडे परत येतो. ह्याचा संदेश नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर जातो, आणि गावाकडच्या पुष्कळ मुलांची नोंदणी सायबर कॅफेवाल्याच्या नंबराने झालेली असते. मुलाला पत्ताच लागत नाही आणि मुदत संपते. म्हणून दर पंधरा दिवसांनी वर्गात जाहीर करायचं, प्रत्येकाने आपल्या लॉगिनमध्ये जाऊन अर्जाची स्थिती पाहावी. पैसे ‘जमा’ दिसतात पण खात्यात नाहीत, ही दुसरी नेहमीची तक्रार. आधारला शेवटी जे बँक खातं जोडलं गेलं त्यात रक्कम जाते. मोबाइलवर उघडलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं मुलं विसरून गेलेली असतात. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते पाहिलं की बहुतेक वेळा पैसे सापडतात.

आता समित्या. महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात आणि तिच्या वर्षात किमान चार बैठका व्हायला हव्यात. अंदाजपत्रक, शुल्क, नव्या सोयी हे सगळं तिथे येतं. तिथे ऐन वेळी हात वर करून विषय मांडला तर ‘नोंद घेऊ’ म्हणतात. विषय बैठकीच्या आधी सचिवांकडे लेखी द्या, म्हणजे तो कार्यसूचीत क्रमांकासह येतो. ग्रंथालय रात्री आठऐवजी दहापर्यंत उघडं हवं असेल, तर आठवडाभर रोज रात्री आठ वाजता वाचनकक्षात किती जण बसलेत ते मोजून न्या, आणि दोन तासांसाठी किती कर्मचारी लागतील हे ग्रंथपालांना आधी विचारून घ्या. खर्चाचा आकडा आपल्याकडे असेल तर चर्चा ‘करू या का’ वरून ‘कधीपासून’ वर येते. बैठकीनंतर इतिवृत्ताचा मसुदा मागून घ्या. त्यात काम कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे नसेल तर लगेच लेखी दुरुस्ती सुचवा, कारण पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम झालं की ती संधी जाते. पुढच्या वेळी कार्यवाहीचा अहवाल पहिल्यांदा वाचायला लावायचा.

विद्यार्थी परिषदेचं सगळं वर्ष स्नेहसंमेलनात जातं, हे पाहून आम्हाला खरोखर वाईट वाटतं. संमेलन झालंच पाहिजे, मुलांचा तो हक्काचा आनंद आहे. पण डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने सगळे जण रंगमंच आणि प्रायोजकांमागे धावतात, आणि त्याच दिवसांत पहिल्या सत्राचे निकाल, शिष्यवृत्ती आणि दुसऱ्या सत्राचे परीक्षा अर्ज येतात. परिषदेतले दोघे जण संमेलनाच्या कामातून पूर्ण मोकळे ठेवा.

तक्रार निवारणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम वाचून ठेवावेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ अध्यापक सदस्य आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत तक्रारदाराला द्यायची. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. मात्र निव्वळ गुण वाढवून मागण्यासाठी ते दार नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. विशेष निमंत्रित विद्यार्थी गणपूर्तीत (बैठकीला लागणाऱ्या किमान सदस्यसंख्येत) धरला जात नाही, तरी त्याने हजर राहायलाच हवं, कारण तक्रारदाराची बाजू मुलांच्या भाषेत समजावणारा तिथे तो एकटाच असतो.

लैंगिक छळाची तक्रार आली तर प्रतिनिधीची भूमिका पूर्ण बदलते. तपशील विचारायचे नाहीत, लिहून घ्यायचे नाहीत, दुसऱ्या बाजूला फोन करायचा नाही, आणि ‘आपसात मिटवू’ तर अजिबात म्हणायचं नाही. संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीचा संपर्क द्यायचा, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते हे सांगायचं आणि तक्रारदार म्हणेल तर दारापर्यंत सोबत जायचं. प्रकरणात विद्यार्थी असतील तर या समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचे तीन निवडलेले विद्यार्थी असावे लागतात. ते निवडलेत का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा. रॅगिंगच्या तक्रारीतही वेळ घालवू नये. रॅगिंगविरोधी समिती आणि राष्ट्रीय हेल्पलाइन, दोन्हीकडे त्याच दिवशी कळवावं.

एप्रिल उजाडला की पुढच्या प्रतिनिधीसाठी फाईल लावायला घ्या, परीक्षा संपेपर्यंत थांबलात तर सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. फाईलमध्ये वरच्या पानावर तक्ता: विषय, आवक क्रमांक, तारीख, सध्या कुठल्या टेबलावर, पुढे काय करायचं. त्याखाली पोचेच्या प्रती तारखेप्रमाणे, मग इतिवृत्तं, मग उपयोगी पडलेली परिपत्रकं. मुलांचे पीआरएन आणि वैयक्तिक कागद असलेले तक्ते, काम पूर्ण झालं असेल तर काढून नष्ट करा. गुगल फॉर्मही बंद करून उत्तरं पुसून टाका. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक अर्जाच्या वेळी नव्या प्रतिनिधीला एकदा त्या कक्षात बरोबर घेऊन जा आणि संबंधित कर्मचाऱ्यांना सांगा की आता पाठपुराव्याला हे येतील.